पाऱ्याचा डावा गुडघा

लोक चेहरे लक्षात ठेवतात, मी गुडघे ठेवतो. एकतीस वर्षं काचेच्या कारखान्याच्या दवाखान्यात मलमपट्टी केली आणि कारखान्याच्या फुटबॉल संघाचे पाय चोळले. रस्त्यात कुणी "ओळखलंत का काका?" म्हणालं की मी नुसता हसतो. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली असती, तर खेळायचा कुठे आणि कुठल्या साली काय मोडलं ते सगळं सांगितलं असतं. यात बढाई नाही. सुताराला लाकूड कळतं, मला हे कळतं. कळत होतं म्हणूनच हे लिहायची वेळ आली. ज्याला काही कळत नाही त्याला कोण जाब विचारतो?

पारा संघात आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बाटल्या तपासायच्या खोलीत कामाला होता. बाटली उचलायची, लाकडी काडीने टिचकी मारायची, आवाज स्वच्छ आला तर पुढे, बद्द आला तर भंगारात. आईवडील तो लहान असतानाच गेलेले. थोरल्या बहिणीने वाढवला. ती कारखान्याच्या धुलाईखान्यात होती. कामगारांचे गणवेश, दवाखान्याच्या चादरी आणि संघाच्या जर्सी सगळं तिच्या इस्त्रीखालून जायचं. तिला सगळा कारखाना ताई म्हणायचा, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले आमचे प्रशिक्षक मास्तरसुद्धा. लग्नाचं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "एक पोर वाढवून झालंय माझं. आता दुसरं नको."

नाव मास्तरांनी ठेवलं. एकदा माझ्या हातून थर्मामीटर फुटला. मी आणि मास्तर फरशीवर उकिडवे बसून कागदाने पारा गोळा करत होतो. कागद इकडून लावला की तो तिकडून जायचा, दोन्हीकडून लावला की मधूनच फुटून चार ठिकाणी. मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, हा तर आपला डावीकडचा!" त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकात उरलं.

खेळ कसा होता हे सांगायला मी काही पेपरवाला नाही. एवढंच सांगतो. तो डाव्या रेषेला पाठ लावून उभा राहायचा, चेंडू आला की त्यावर पाय ठेवून थांबायचा आणि समोरच्या बॅककडे पत्ता विचारावा तसा बघायचा. बॅक बिचारा पुढे यायचा आणि तिथून पुढे पारा कुठे गेला हे त्याला मॅच संपेपर्यंत कळायचं नाही. वीटभट्टीच्या संघाचा एक दांडगा बॅक एकदा कमरेत लचक भरून माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तो माझ्या डावीकडून गेला की उजवीकडून? तेवढं सांगा. घरी बायको विचारणार आहे."

अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांत शनिवारी दुपारी भट्टीवरचे लोक पाळ्या बदलून घ्यायचे. डावीकडची लाकडी बाकं आधी भरायची, आणि हाफ टाइमला संघांनी बाजू बदलल्या की सगळी माणसं उठून पलीकडच्या बाकांवर जायची, पुन्हा तो जवळून दिसावा म्हणून. ताई मात्र एकाच जागी उभी असायची. तिने चेंडूकडे कधी बघितलं नाही, गोल झाला तरी नाही. ती फक्त त्याचे पाय बघायची.

तो संघात आला त्या आठवड्यात ती दवाखान्यात आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "काका, पाय त्याचे आहेत, पण वाढवलेत मी. आता तुमच्या हातात देतेय."

"काळजी सोडा ताई," मी म्हणालो. सहज म्हणालो. सहज बोललेलं वाक्यच नेमकं पुढे गळ्यात पडतं.

चौथ्या वर्षी, मोसम अर्धा झाला असताना, त्याचा डावा गुडघा चोळताना माझ्या अंगठ्याला काहीतरी लागलं. वाटीच्या आतल्या अंगाला, तांदळातल्या खड्याएवढं. दाबलं की सरकायचं. "दुखतं का रे?" मी विचारलं. तो पेपर वाचत होता. "काय दुखतं?" म्हणाला. मी हात फिरवत राहिलो, पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

पुढच्या महिन्यात दर मॅचनंतर गुडघा सुजायला लागला. मग एकदा बाकावरून उठताना तो अडकला. सरळही होईना, वाकेनाही. मी दोन्ही हातांत धरून हळूच फिरवला तेव्हा आतून 'कट' असा आवाज आला आणि पाय सुटला. आता त्याने पेपर बाजूला ठेवला होता.

"काका, कुणाला बोलू नका."

"हाडांच्या डॉक्टरांना दाखवू या."

"मोसम संपू दे. ताईला तर मुळीच नको. तिला कळलं तर बूट भट्टीत टाकेल."

मी मूग गिळून गप्प बसलो. आठ मॅचेस उरल्या होत्या. आठच तर आहेत, असं तो म्हणायचा. मग सात, मग सहा. प्रत्येक शनिवारी मी बाकावर बसून चेंडूकडे न बघता त्याच्या डाव्या पायाकडे बघायला लागलो. एकदा मान वर केली तर पलीकडे ताई. आम्ही दोघंच त्या मैदानात असे होतो. तिला कशाची भीती वाटते ते माहीत नव्हतं, मला पक्कं माहीत होतं.

आता मास्तरांची पद्धत सांगायला हवी. मॅचच्या आधी ते कपडे बदलायच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसायचे. हातात कागद. खेळाडूला तब्येत कधी विचारायचे नाहीत. "मेला तरी खेळतो म्हणेल," हे त्यांचं म्हणणं. विचारायचे मला, आणि माणूस नाही, अवयव. "गोलकीपरची बोटं?" मी म्हणायचो, "चालेल." "बॅकचा घोटा?" "चालेल." नाही म्हटलं की ते त्या नावावर काट मारायचे, वाद नाही. अकरा जणांचं भवितव्य माझ्या एका शब्दावर. त्याचा मला अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

शेवटची मॅच बंदराच्या संघाशी होती. जिंकलो तर बारा वर्षांनी चषक आमचा. सकाळी त्याचा गुडघा मी पाहिला होता. वाटी दिसत नव्हती इतका सुजलेला. मी बर्फ लावला, घट्ट पट्टा बांधला. जिन्यावरून तो चालत उतरला, थोडा बाजूने, पण उतरला. खोलीत तो माझ्यासमोरच बसला होता, बुटाची नाडी बांधत, मान खाली.

"पाऱ्याचा गुडघा?" मास्तरांनी विचारलं.

"चालेल," मी म्हणालो.

आमची भाषाही लबाड आहे. हरकत नाही, यालाही चालेल. आणि पायांनी चार पावलं टाकता येतील, यालाही चालेलच. मी दुसऱ्या अर्थाने म्हणालो, चालेल, पण पळायला लावू नका, असं मला सांगायचं होतं, मास्तरांनी आपल्या सोयीचं ऐकलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावलं. साफ खोटं आहे ते. मास्तर काय ऐकणार हे मला ठाऊक होतं. बाहेर बाकं गच्च भरली होती, भोंगे वाजत होते आणि मलाही त्याला खेळताना बघायचं होतं. एवढंच कारण. मला बघायचं होतं.

तेविसाव्या मिनिटाला तो चेंडूवर पाय ठेवून थांबला. बॅक पुढे आला. पारा डावीकडे झुकला, उजवीकडे वळला आणि खाली बसला. कुणी हात लावला नव्हता. बॅक तर दोन हात दूर होता. तो आवाज माझ्या बाकापर्यंत आला. लोक म्हणतात एवढ्या गोंगाटात ऐकू येणं शक्य नाही. मला आला. रेफरीने शिट्टी वाजवायच्या आधी मी पळत सुटलो होतो. त्याने माझ्या शर्टाची बाही धरली आणि म्हणाला, "काका, वाटी कुठे गेली?" ती बाजूला, मांडीच्या अंगाला सरकली होती.

दवाखान्याच्या ओसरीवर ताईने मला गाठलं. रडत नव्हती. तिने एकच विचारलं, "काका, तुम्हाला आधी काही कळलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

तिने माझ्या हाताकडे बघितलं, मान हलवली आणि आत गेली. तिने विश्वास ठेवला. तेच जास्त लागलं.

शस्त्रक्रिया झाली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, चालेल-फिरेल, जिने चढेल, पण वेगात वळणं विसरा. ज्याचं सगळं आयुष्य वळण्यात, त्याला हे सांगितलं. पारा आठ महिने बाटल्यांना टिचक्या मारत राहिला. जेवणाच्या सुटीत डबा न उघडता तो खिडकीशी बसायचा. मी रोज सकाळी त्याचा पाय चोळायचो, त्याच्याच खोलीत, खाटेवर. ताई कामावर जाताना मला चहा देऊन जायची आणि म्हणायची, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे काका." तो चहा मी कसा प्यायचो ते माझं मला माहीत.

नवव्या महिन्यात मास्तरांनी त्याला बाकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत नेऊन बसवलं. दोन-तीन शनिवार तो नुसता वरून मैदान बघत बसला. मग एकदा म्हणाला, "काका, मी चार वर्षं अर्धंच मैदान बघितलं. पाठीला रेषा होती ना. मागून कुणी यायचंच नाही." आणि तिथून त्याला नाद लागला. वरून बोट दाखवून सांगायचा, आता हा तिकडे देईल, तो चुकेल, चेंडू या कोपऱ्यात येईल. दहातले आठ वेळा बरोबर. मास्तर माझ्याकडे बघायचे, मी पायाकडे बघायचो.

दीड वर्षाने तो पुन्हा उतरला. रेषेवर नाही, मैदानाच्या मधोमध. पळायचं नाही, वळायचं नाही. स्वयंपाकघराएवढ्या जागेत उभं राहायचं आणि चेंडू पायाशी यायच्या आत तो कुठे जाणार हे ठरवून ठेवायचं. पहिल्या दिवशी बाकांवरून हशा. कुणीतरी ओरडलं, "पाऱ्याचा खुंटा झाला रे!" झालं, नाव चिकटलं. चार-पाच मॅचेस लोकांनी त्याला हलवून बघितलं. मग त्यांच्याच लक्षात आलं की आपली सगळी जनावरं या एका खुंट्याला बांधलेली आहेत. त्याने उभ्या उभ्या दिलेला पास चाळीस हात लांब नेमक्या पायावर जायचा. मधल्या जागेत माणसं चारी बाजूंनी अंगावर येतात. सुरुवातीला तो घाबरायचा, मग पाठीमागची पावलं ऐकून कोण येतंय ते ओळखायला शिकला. बाटल्यांनी कान तयार केलेच होते. खरं सांगतो, पारा बघताना मी टाळ्या वाजवल्या, पण खुंटा बघताना टाळ्या वाजवायचंच विसरून जायचो.

तीन मोसम असे गेले. आणि तिसऱ्यात तो खडा पुन्हा माझ्या अंगठ्याला लागला. या वेळी एक नाही, दोन.

या वेळी मी त्याला ओढत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि खाली ठेवून दिला. म्हणाले, "आता एक मुरडा जरी बसला तरी सांधा वाचणार नाही. हाडं जोडून टाकावी लागतील. पाय कायमचा ताठ. खुर्चीत बसताना, जिना चढताना, बसमध्ये, कुठेच वाकणार नाही." परत येताना तो बसच्या खिडकीतून बाहेर बघत होता. उतरताना म्हणाला, "मोसम संपू दे."

ताईला त्याने सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, काका होते बरोबर. ताईने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून पट्ट्याची गुंडाळी करत होतो. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो, तो असा.

शेवटची मॅच पुन्हा बंदराशी. त्यांच्या संघात मधोमध एक जण आणला होता, त्याला त्यांचेच लोक कसाई म्हणायचे. मोसमात दोघांचे पाय त्याने मोडले होते, आणि दोन्ही वेळा उठून हात जोडून माफी मागितली होती. शुक्रवारी बंदराकडच्या एका ट्रकवाल्याने आमच्या फाटकावर सांगितलं, "तुमच्या खुंट्याचा कुठला पाय वाईट आहे ते त्याला माहीत आहे." फाटकावरच्यांनी हसण्यावारी नेलं. मला रात्रभर झोप लागली नाही.

मॅचच्या दिवशी सकाळी मी धुलाईखान्यात गेलो. वाफेने भिंती ओल्या होत्या. ताई जर्सींना इस्त्री करत होती, दहा झाल्या होत्या, अकरावी तिच्या हाताखाली होती.

"ताई, त्याला आज खेळू देऊ नका. तो फक्त तुमचं ऐकतो."

"का? काय झालं?" ती इस्त्री फिरवत म्हणाली. "डॉक्टर ठीक म्हणालेत की. तुम्हीच होतात बरोबर."

"डॉक्टर ठीक म्हणाले नाहीत."

मी तिला सगळं सांगितलं. हाडं जोडणं, ताठ पाय, कसाई. ती ऐकत होती, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. शेवटी समजूत घालावी तशी म्हणाली, "काका, तुम्ही मागच्या वेळेपासून घाबरलाय. तेव्हाही एवढे जवळ असून तुम्हाला कळलं नव्हतं. मग आता असं काय कळणार आहे हातांना?"

तिथे माझा हात दगडाखाली होता. एकच वाट होती, आणि मी चार-पाच वर्षं तीच टाळत होतो.

"तेव्हाही कळलं होतं," मी म्हणालो. "चार महिने आधी. मला माहीत होतं आणि मी मास्तरांना चालेल म्हणालो. तुम्हाला नाही म्हणालो तेही खोटं."

तिने इस्त्री नीट उभी करून ठेवली. बटण बंद केलं. जर्सीची बाही दुमडली, दुसरी दुमडली. "जा तुम्ही," म्हणाली. बस, एवढंच.

दुपारी मी खोलीत जाऊन माझ्या जागी बसलो. ती येणार की नाही, मला काहीच माहीत नव्हतं. मास्तर दारात स्टूलवर, हातात कागद. खुंटा समोर नाडी बांधत होता. बाहेर भोंगे सुरू झाले होते. गोलकीपरची बोटं झाली, बॅकचा घोटा झाला.

"खुंट्याचा गुडघा?"

"नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी मान वर केली. "नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. उतरवू नका त्याला."

खुंटा उठला. "काका, काय बोलताय? मास्तर, मी ठणठणीत आहे." मास्तर एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले. पेन्सिल कागदावर टेकली होती, पण काट मारेनात. बाहेर सबंध कारखाना बसला होता, मास्तरांची तरी काय चूक? "आजचा दिवस तो काय म्हणतो ते बघू," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खेळाडूला विचारलं.

तेवढ्यात त्यांच्या स्टुलामागून ताई आत आली. त्या खोलीत बाईमाणूस कधी आलेलं नव्हतं. पोरांनी भराभर टॉवेल ओढले. तिने कुणाकडे पाहिलं नाही. भावासमोर फरशीवर बसली, त्याचा पट्टा सोडला आणि उघड्या गुडघ्यावर हात ठेवला. "वाकव," म्हणाली.

त्याने वाकवला. मी दोन हातांवर होतो, आतला 'कट' मला ऐकू आला. तिला तळव्यात कळलं असणार, कारण तिने डोळे मिटले.

"ताई, एवढी एकच मॅच."

"सरळ कर. परत वाकव."

पुन्हा तोच आवाज. त्याने बांधलेली बुटाची नाडी तिने सोडवली, आधी डाव्याची, मग उजव्याची. एवढा मोठा गडी, सबंध संघासमोर, त्याने पाय मागे घेतला नाही. फक्त तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सांगितलंत तुम्ही." बूट हातात घेऊन ती उठली. दारात माझ्याजवळ थांबली. "हेच तेव्हा बोलला असतात," ती म्हणाली, "तर तो अजून पळत असता."

आम्ही दोन गोलने हरलो. कसाईने हाफ टाइमच्या आधी आमच्या दुसऱ्याच एका खेळाडूचा घोटा मुरगळला आणि उठून हात जोडले.

खुंटा पुन्हा मैदानात उतरला नाही. पुढे मास्तर निवृत्त झाले, तेव्हा तोच संघाचा मास्तर झाला, आणि चांगला झाला. पाय चोळायला त्याने बाहेरून एक माणूस आणला. मी दवाखान्यातच राहिलो. कारखान्याने मला काही म्हटलं नाही. लोक हरलेली मॅच दोन महिन्यांत विसरतात. धुलाईखान्यातून चादरी येत राहिल्या, कडक इस्त्रीच्या, पण त्या आता दुसरंच कुणी आणून ठेवायचं.

परवा कचेरीच्या जिन्यावर तो समोरून आला. मी चढत होतो, तो उतरत होतो, भराभर, कठड्याला हात न लावता. मी आधी गुडघाच बघितला, सवयच ती. छान वाकत होता. दहा वर्षांत एवढ्या जवळून आम्ही भेटलो नव्हतो. मी थांबलो. काहीतरी बोलेल असं मला वाटलं, अजूनही वाटतं तसं. तो भिंतीला सरकला, मला वाट करून दिली आणि अगदी अदबीने म्हणाला, "या साहेब."

मी मलमपट्टी करणारा माणूस. जन्मात मला कुणी साहेब म्हटलं नव्हतं.